मनगट धरणाऱ्या मॅडम

मॅडम कुणाला नमस्कार करत नसत. त्या मनगट धरत. समोरच्याने हात जोडले की त्या जोडलेल्या हातांतला एक अलगद सोडवून घेत, नाडीवर बोटं टेकवत आणि म्हणत, श्वास घे, मोठा, आता सोड, हळूहळू. मग मान तिरकी करून लांबचं काहीतरी ऐकत असल्यासारख्या उभ्या राहत. साकोलीतली भाजीवाली, पोस्टमन, मांडवात बसलेला नवरदेव, कुणीही त्यातून सुटलेलं नव्हतं. निवडणुकीच्या वेळी मत मागायला आलेल्या एका उमेदवाराचं मनगट धरून त्यांनी त्याला सांगितलं होतं की बाबा, तू घरी जाऊन झोप, बाकीचं लोक पाहतील. तो खरंच घरी गेला. निवडून आला नाही, पण पुढे कधी भेटला की स्वतःहून हात पुढे करायचा.

मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. लघुपाटबंधारे खात्यात माझी पहिली नेमणूक साकोलीला झाली होती. तलावांचे बांध, गेटं आणि कालवे बघायचं काम. माझं गाव आसगाव, पवनीच्या बाजूचं, रोज जाऊन-येऊन जमण्यासारखं नव्हतं. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की हायवेच्या एक गल्ली आत एक निवृत्त मॅडम राहतात, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या, खोली हवेशीर आहे, पण बाई जरा अशा आहेत. आणि ‘अशा’ म्हणताना त्याने स्वतःचंच मनगट धरून दाखवलं.

फाटकावर मॅडमचे यजमान भेटले. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी बसस्टँडवर माइकसमोर गेली, त्यामुळे साधं बोलणंही त्या एकाच सुरात निघायचं. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि सांगितलं, ‘‘मॅडम सध्या झाडांची पानं पुसत आहेत. थोड्याच वेळात येतील. कृपया ओट्यावर बसून घ्यावे.’’ मी नकळत मागे वळून बस आली का पाहिलं.

मॅडम आल्या त्या हातात ओलं फडकं घेऊन. उंच, काटक, केसांचा घट्ट अंबाडा, पायात पुरुषांच्या चपला. नाव, गाव, जात, पगार, लग्न, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. मनगट धरलं. माझ्या छातीत धडधडत होतं, ते त्यांना कळलंच. पण त्यांना त्याचं काही नव्हतं. मी श्वास सोडला तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

‘‘घाबरून राहिली तू, पण श्वास सोडला का हळू होते. कासरा चांगला आहे तुझा. रहा.’’

कासरा म्हणजे बैलाचा, हे मला कळत होतं. माझा कासरा कुठला, ते कळायला पुढचा रविवार उजाडावा लागला.

त्याआधी नियम कळले. खोलीत उदबत्ती लावायची नाही. डासांची अगरबत्ती तर मुळीच नाही, मच्छरदाणी लावायची. गाडी अंगणात सुरू करायची नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत न्यायची आणि तिथे किक मारायची. मॅडमच्या यजमानांची, म्हणजे काकांची स्कूटरही याला अपवाद नव्हती. रोज सकाळी मी आणि काका आपापल्या गाड्या ढकलत गल्लीतून निघायचो तेव्हा लोकांना वाटायचं, या घराला पेट्रोलचं वावडं आहे. हायवेकडची खिडकी ट्रकांची रांग ओसरेपर्यंत बंद, मागची उघडी. मिरचीची फोडणी द्यायची तर आधी मागचं दार उघडायचं, मग कढई चुलीवर, म्हणजे गॅसवर. काकांची बहीण एकदा पूजेला धूप घेऊन आली, तर मॅडमनी देवाचा पाट उचलून मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली नेऊन ठेवला. देवाला हवा, बहिणीला धूप आणि स्वतःला आपलं घर, असं त्यांनी सगळ्यांचं समाधान केलं. बहीण तीन दिवस राहायला आली होती, ती संध्याकाळच्या बसने गेली. काकांनी फाटकावर उभं राहून तिच्या बसची वेळ सांगितली.

रविवारी मी विचारलंच की कासरा म्हणजे काय. मॅडमना याचीच वाट असावी. त्यांनी काकांना हाक मारली. काका आले, न सांगता सदऱ्याची वरची बटणं काढली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. हे त्यांनी कितीतरी वर्षं केलेलं असणार. मॅडमनी विहिरीचा जुना दोर आणला, त्याचं एक टोक काकांच्या कानामागे धरलं, मानेवरून खाली सोडलं आणि छातीपाशी हाताने दाबलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही तसंच आठवतं. मेंदूपासून हृदयाकडे दोन तऱ्हेच्या नसा जातात. एक हाकते, दुसरी आवरते. आवरणारी ही अशी मानेतून उतरते. श्वास आत घेतला की ती जराशी ढील देते, ठोके किंचित लवकर पडतात. श्वास सोडला की ती ओढून धरते, ठोके सावकाश होतात. निरोगी माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. ते श्वासाबरोबर थोडं पुढे, थोडं मागे असं चालतं. ‘‘टिकटिक, टिकटिक, एकसारखी चालली का समजजो, कासरा सैल झाला. बैल पळून राहिला आणि गाडीवान झोपला.’’

आणि तो कासरा सैल कशाने होतो, तर वय, साखर, काळजी, झोप नसणं, आणि हवा. डोळ्याला दिसते ती धूळ त्यांच्या मते बिचारी होती. ती नाकात अडकते, शिंकून बाहेर पडते, पानावर बसते आणि पुसली जाते. खरी वाईट ती जी दिसत नाही. धुरातली, डिझेलमधली, राखेतली इतकी बारीक की नाक, घसा सगळं चुकवून पार फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथे नसांची टोकं असतात, त्यांना ती टोचते. त्या मेंदूला कळवतात की इथे काहीतरी बिघडलंय, आणि मेंदू घाबरून आवरणारी नस सोडतो आणि हाकणारी धरतो. काही कण रक्तातही उतरतात आणि तिथे वेगळी जळजळ करतात. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण ज्याचं हृदय आधीच थकलेलं आहे, त्याचा ताल यातून चुकू शकतो.

काका तोवर दोर गळ्यात घेऊन उभेच होते. ‘‘प्रात्यक्षिक संपले आहे का?’’ त्यांनी विचारलं.

मी मॅडमना म्हटलं की मग तुम्ही लोकांचे हात धरता तेव्हा तुम्हाला हे सगळं कळतं का. त्या हसल्या. फारसं नाही कळत, म्हणाल्या. बोटांनी एवढं बारीक कळत नाही, त्याला यंत्र लागतं, आणि म्हाताऱ्या माणसात तर तसंही ते कमीच होत जातं. पण मनगट धरलं की माणूस दोन मिनिटं उभा राहतो आणि श्वास घेतो, आणि श्वास घेतला की त्याला हवेची आठवण होते. त्यांच्या सगळ्या वेडेपणामागचं गणित एवढंच होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही.

एकदा माझ्या वडिलांचा फोन आला होता. मशीनने धान कापून झालं होतं, मागे उरलेली तणीस उद्या पेटवून देतो, असं ते सहज बोलून गेले. मी ते मॅडमसमोर बोलायला नको होतं. त्यांनी फोन मागून घेतला आणि माझ्या वडिलांना अनोळखी असूनही भाऊ म्हणत बराच वेळ काहीतरी समजावलं. वडील नंतर मला म्हणाले, ‘‘तुयी घरमालकीण मले फोनवर श्वास घ्यायले लावत होती. मी घेतला. काहून घेतला थे मले समजलं नाही.’’ त्या वर्षी त्यांनी तणीस गुरांसाठी ठेवली. पुढच्या वर्षी अर्धी पेटवली. मॅडमना हे मी सांगितलं तर त्यांनी अर्ध्याचं कौतुक केलं.

आता धानाच्या मिलीचं सांगते.

आमच्या गल्लीच्या मागे, धानाच्या दोन बांध्या सोडून, एक राइस मिल होती. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायची. धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं, मग भरडायचं. त्या वाफेसाठी बॉयलर, बॉयलरमध्ये धानाचाच भुसा जाळायचा, आणि धुराड्यातून काळी राख आमच्या गल्लीवर. दिवाळीनंतर धान आलं की ती सुरू व्हायची. धुतलेले कपडे घरात वाळायचे. पाण्याच्या टाक्यांवर झाकण असूनही तळाला काळं बसायचं. धुराड्याला राख पकडणारं यंत्र होतं, पण ते जुनं झालं होतं, मधूनमधून तुंबायचं, आणि तुंबलं की काढायला मिल थांबवावी लागायची. हंगामात मिल कोण थांबवणार?

मिलीचा मालक मॅडमचा विद्यार्थी. चाळिशीतला, गोलमटोल, बोलायला गोड माणूस. बारावीत जीवशास्त्रात नापास झाला होता. हृदयाची आकृती त्याने उलटी काढली होती, हे मॅडम त्याच्या तोंडावर सांगायच्या. रस्त्यात दिसल्या की तो गाडीतून उतरून पाया पडायचा. मॅडम त्याचं मनगट धरायच्या. तो श्वास घ्यायचा. आणि दोघंही धुराड्याविषयी अवाक्षर काढायचे नाहीत.

गल्लीतले लोक मॅडमना म्हणत, तुम्ही तक्रार करा, तुमचं नाव आहे, सही आम्ही करू. मॅडम तक्रार करत नव्हत्या. त्या दर शनिवारी सकाळी मिलीत जायच्या. ऑफिसच्या बाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या आणि चहाच्या सुट्टीत हमालांचे, भुसा ओढणाऱ्या बायांचे हात धरायच्या. चेहऱ्याला नुसता गमछा बांधून बारीक कण अडत नाहीत, हे त्यांना समजावून सांगायच्या. कुठून कुठून चांगले मास्क मागवून त्यांनी वाटले होते. लोक ते मानाने घ्यायचे आणि हनुवटीवर लावायचे. मालक आतून चहा पाठवायचा, बिस्किटं पाठवायचा आणि काचेतून बघत बसायचा. पोलीस आले असते, साहेब आले असते तर त्याला काय करायचं ते माहीत होतं. या बाईचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

शेवटी एकदा तोच बाहेर आला आणि म्हणाला की मॅडम, तुम्ही सरळ तक्रार करून मोकळ्या व्हा ना. मॅडमनी सांगितलं की तक्रारीनं मिल चार दिवस बंद पडेल, या बायांचा मजुरीचा रोज बुडेल, आणि पाचव्या दिवशी धुराडं पुन्हा सुरू होईल. ‘‘तुले समजलं पाहिजे. तुले समजत नाही तोवर मी येत राहीन. मले कुठं पेपर तपासायचे आहेत आता.’’

असे दोन हंगाम गेले.

तिसऱ्या हंगामात, थंडीत, एका शनिवारी मला सुट्टी होती म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. त्या सकाळी धुकं होतं. वारा नव्हता. धूर वर जातच नव्हता, धुराड्यातून निघून तिथेच खाली उतरत होता, आणि आवारात सगळं राखाडी दिसत होतं. यंत्र पुन्हा तुंबलं असावं. घशात खवखवत होतं. मी मॅडमना म्हटलं, आज परत जाऊ. त्या म्हणाल्या, आज तर थांबायलाच पाहिजे.

भुसा ओढणारी एक बाई समोर बसली होती. मॅडमनी तिचं मनगट धरलं होतं, तिला श्वास घ्यायला सांगितला होता. आणि मग मी पाहिलं की त्यांनी तिचा हात सोडला आणि आपल्याच मनगटावर बोटं ठेवली. त्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या गावाची नाडी पाहणारी ही बाई स्वतःचा हात कुणाच्या हातात देत नसे, काकांच्याही नाही. त्या ‘थांब जरा’ एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीवरून एका बाजूला कलल्या. त्या बाईने त्यांना धरलं म्हणून डोकं आपटलं नाही.

मालक ऑफिसातून धावत आला. पोट सांभाळत धावणारा तो माणूस एरवी बघायला गमतीचा वाटला असता. त्याने कुणाला हाक मारली नाही, मॅडमना स्वतः उचललं आणि आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. भंडाऱ्यापर्यंत तो हॉर्न वाजवत गेला आणि मी त्यांचं मनगट धरून बसले. तलावाच्या गेटात काडीकचरा अडकला की पाणी कसं येतं, थांबतं, मग एकदम उसळतं, पुन्हा अडतं, तसे ठोके होते. लाखनीच्या पुढे त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, ‘‘कसं वाटून राहिलं तुले?’’

मी खरं सांगितलं. म्हटलं, मॅडम, ताल नाही.

‘‘माहीत आहे,’’ त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, शांत होता. ईसीजीची पट्टी काढली, सुई लावली, आणि आम्हाला सांगितलं की हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडलाय, औषधाने आटोक्यात येईल, पण वेळेवर आणलंत. मॅडम जराशा सावध झाल्या तशा त्यांनी त्याचंच मनगट धरलं. त्याची ड्युटी रात्रीपासून चालू होती, हे त्यांना लगेच कळलं. तेव्हा मला हायसं वाटलं.

काका एसटीने आले. मालकाने त्यांच्यासाठी गाडी पाठवली होती, ती परत पाठवून ते बसने आले, कारण बस कधी पोहोचेल हे त्यांना माहीत होतं. व्हरांड्यात माझ्याशेजारी येऊन बसले. मी त्यांना काय झालं ते सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते माइकसमोर नसल्यासारखे बोलले.

‘‘मले माहीत होतं पोरी. गेल्या पावसाळ्यापासून. दुपारी तिचा डोळा लागला का मी हात धरत होतो. तिनंच शिकवलं होतं ना, दोर लावून लावून. मले चुकलेला ठोका समजत होता. तिलेही समजत असन. पण ती मले सांगत नव्हती आणि मी तिले.’’

मी विचारलं, काहून नाही सांगितलं. ते म्हणाले, सांगितलं असतं तर तिला डॉक्टरकडे जावं लागलं असतं, डॉक्टर म्हणाला असता घरी बसा, आणि घरी बसलेली ती मला पाहवली नसती. मग आम्ही दोघं समोरच्या भिंतीवरचं, हात स्वच्छ धुण्याविषयीचं चित्र पाहत बसलो.

मालक व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. फोनवर कुणाशी तरी बोलत होता. मध्येच माझ्यापाशी आला आणि म्हणाला की आपल्याकडे एवढ्या मिली आहेत, हायवे आहे, सगळी थंडीभर लोक शेकोट्या करतात, आणि मॅडमचं वयही झालंच की. तो स्वतःलाच सांगत होता. पुन्हा गेला, पुन्हा आला, पुन्हा तेच म्हणाला.

संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. मॅडमच्या छातीवर तारा लावलेल्या होत्या आणि शेजारी पडद्यावर हिरवी रेघ धावत होती. त्या तिच्याकडेच पाहत होत्या, एखाद्या बऱ्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका पाहावी तशा. मालक पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याने सगळी वाक्यं तयार करून आणलेली असावीत, पण त्याच्या तोंडून एकच निघालं.

‘‘मॅडम, माझ्या मिलीनं झालं का हे?’’

मी काकांकडे पाहिलं. काका मॅडमकडे पाहत होते. या एका प्रश्नासाठी ही बाई किती शनिवार त्या खुर्चीवर बसली होती, ते आम्हा दोघांना माहीत होतं. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

‘‘मले माहीत नाही,’’ मॅडम म्हणाल्या.

तो म्हणाला, म्हणजे?

‘‘म्हणजे सांगता येत नाही. माझं वय आहे, बीपी आहे, माझ्या आईलेही असंच होतं. खूप माणसं एकत्र पाहिली तर बारीक धुळीनं हे वाढते, हे खरं आहे. पण या एका बाईचं हृदय कोणाच्या धुरानं बिघडलं, थे कोणीच सांगू शकत नाही. मी हो म्हटलं तर थे खोटं होईल.’’

तो पलंगाच्या लोखंडी पट्टीला धरून उभा होता. मग खाली बघत म्हणाला, ‘‘तुम्ही हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मॅडम. मी भांडलो असतो. वकील लावला असता. आता मी काय करू?’’

‘‘माझं सोड. गल्लीचं पाहा. एकीचं सांगता येत नाही, पण सगळ्याइचं सांगता येते. तुझ्या मिलीतल्या बाया हिशेबात धर, हायवेवरचे दुकानदार धर, तुझी माय धर. आणि स्वतःले धर. तू दिवसभर तिथंच बसतो ना.’’

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. मॅडमना झोप लागली तरी तो उठला नाही. काकांनी त्याला शेवटच्या बसची वेळ सांगितली, तेव्हा त्याला आठवलं की आपल्याकडे गाडी आहे.

यानंतर सगळं लगेच बदललं, असं नाही. मॅडम घरी आल्या, गोळ्या सुरू झाल्या, शनिवारचं जाणं डॉक्टरने बंद केलं. धुराडं तसंच राहिलं. मालक दर दोन-चार दिवसांनी फळं घेऊन यायचा, ओट्यावर बसायचा, हात पुढे करायचा आणि जायचा. मॅडम विषय काढत नव्हत्या. मला त्याचा राग यायचा. मी एकदा म्हटलं, तुम्ही तेव्हा हो म्हणायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वर खोलीत निघून गेले.

मग संक्रांतीनंतर एक दिवस सकाळी गल्लीत विचित्र शांतता वाटली. मिल बंद होती. ऐन हंगामात. लोक गच्चीवर जाऊन पाहत होते. धानाच्या ट्रकांची रांग तशीच उभी होती आणि धुराड्यावर माणसं चढलेली होती. जुनं यंत्र उतरवून नवं बसवायला लागले होते. बायांना त्या दिवसांचा रोज मिळत होता. ते मला, मॅडम कलल्या त्या शनिवारी त्यांच्यासमोर बसलेल्या बाईनेच सांगितलं. भुशाच्या ढिगाला चारी बाजूंनी पत्रे लागले, वर ताडपत्री आली. राख पाण्याने ओली करून मगच गाडीत भरायला लागले. मालक त्या दिवसांत आमच्याकडे फिरकलाही नाही. मॅडमही गच्चीवर गेल्या नाहीत. जिने चढायचे नाहीत असं डॉक्टरने सांगितलं होतं, पण खरं कारण ते नसावं.

मिल सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. नवा सदरा घालून आला होता. ओट्यावर उभाच राहिला आणि विचारलं, मॅडम, आता?

मॅडम म्हणाल्या की धूर निम्मा तरी कमी झालाय, दिसतंय. पण जी दिसत नाही ती धूळ किती कमी झाली, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. बॉयलर जुना आहे तोवर काही तरी राहणारच. हायवे तर तुझ्या हातात नाही. त्याचा चेहरा उतरत गेला. मग त्या म्हणाल्या, ‘‘ग्रेस देऊन पास.’’

तो इतका मोठ्याने हसला की काका आतून बाहेर आले.

त्याच्या नव्या यंत्राने मॅडमची गोळी काही कमी झाली नाही. ताल कधी लागायचा, कधी सुटायचा. आता काका उघडपणे त्यांचा हात धरून बसत, आणि त्याही धरू देत. डॉक्टरने मीठ बंद केलं होतं. त्यावरून घरात रोज वाद होता. मॅडमना शास्त्र मान्य होतं, वरण मान्य नव्हतं.

मार्चमध्ये माझी बदली पवनीला झाली. सामान बांधायचं होतं म्हणून मी एक दिवस दुपारीच ऑफिसातून परतले. खाली मॅडम नव्हत्या. काका म्हणाले, वर बघ. मी घाबरून जिना चढले.

गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. जुन्या साड्या अंथरून त्यावर तांदळाचे पापड, कुरोड्या, सगळं पांढरंशुभ्र. शेजारच्या गच्चीवर तसंच, त्याच्या पलीकडे तसंच. त्या गल्लीतल्या बाया इतकी वर्षं राखेमुळे पापड घालायला माहेरी जायच्या, नाहीतर खेड्यातल्या नातेवाइकांकडे पीठ घेऊन जायच्या, हे मला तोवर माहीतच नव्हतं. कुणीतरी धीर करून एक साडी अंथरली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनीच. आमची गच्ची मोठी म्हणून ती सगळ्यांनी वाटून घेतली होती. त्यांतली एक साडी मिलीच्या मालकाच्या आईची होती, असं नंतर कळलं.

मॅडम मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या. डोक्यावर काकांची छत्री, हातात लांब काठी. आयुष्यात त्यांनी एक पापड लाटला नव्हता, आणि यातला एकही त्यांना खाता येणार नव्हता. बाया त्यांना राखण करायला सांगून बाजारात गेल्या होत्या.

मी म्हटलं, मॅडम, उन्हात कशाला बसलात, आणि जिना चढलात कशा, डॉक्टरांनी काय सांगितलंय, माझ्याबरोबर खाली चला.

त्यांनी काठीने पाण्याच्या टाकीकडे दाखवलं. तिथे एक कावळा मान वाकडी करून बसला होता.

‘‘बोलू नको,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘थो मगापासून माझ्याचकडे पाहून राहिला. तू त्या बाजूनं जा.’’